गाडी न येणारी जागा

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

ही डायरी एका जुन्या गाडीच्या कप्प्यात सापडली. गाडी विकली गेली, डायरी राहिली. गेल्या वर्षीची आहे पण कोरी, म्हणून वार खोडून मीच नवे घालतोय. डायरी लिहिणाऱ्यातला मी नव्हे. पण तीन आठवडे डोक्यात एकच गोष्ट फिरते आहे आणि ग्राहकाशी बोलता बोलता मी मध्येच गप्प होतो. परवा एक जण म्हणाला, "भाऊ, ब्रेक कसे आहेत एवढंच विचारलं, तं तुमाले घाम काहून फुटला?"

तर लिहून टाकतो. १४ डिसेंबर, रविवार. शहापूरला हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून माझं जुन्या गाड्यांचं दुकान आहे, मागे दोन खोल्यांचं घर. निमिष, वय अडीच, माझ्या डाव्या हाताला होता. उजव्या हातात चहा. फोन वाजला आणि मी डाव्या हाताने खिशातून फोन काढला. एवढंच झालं. निमिष सर्व्हिस रोडच्या मधोमध पोचला आणि एक पांढरी गाडी चर्रकन थांबली. बंपर आणि त्याची टोपी यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. शुभांगी दारातच उभी होती, तिनं सगळं पाहिलं. मला एक शब्द बोलली नाही. निमिषला उचललं आणि आत गेली.

तेव्हापासून शुभांगी फार घाबरली आहे. तिच्यासाठी मी फाटकाला कुलूप लावलं. निमिषची पायाने ढकलायची सायकल आणि चैतालीची, बाजूला दोन छोटी चाकं असलेली, अशा दोन्ही माळ्यावर टाकल्या. चैताली चार वर्षांची आहे, तिला शंका येते. तिला सांगितलं, दुरुस्तीला दिल्या आहेत.

आज शुभांगीनं चैतालीच्या शाळेचा फॉर्म पुढ्यात ठेवला. "सत्तावीस शेवटची तारीख आहे. सही करा."

"शाळा हायवेच्या पलीकडं आहे," मी म्हणालो.

"खालून बोगदा आहे. अर्धं शहापूर त्यातूनच जाते."

मी म्हणालो, बघू. तेव्हा ती म्हणाली, "तुमचं बघून झालं नाही, तं मी दोघांले घेऊन तुमसरले माहेरी बाबूजीकडं जातो. तिथं शाळा घराच्या मागंच आहे. तुमी येत जा शनिवार-रविवार." आणि थोडं थांबून, "नाही तं एक दिवस, एकच दिवस, लेकरांले मोकळं सोडून दाखवा. हात न धरता. मंग मी तुमसरचं नावही काढत नाही."

बिचारीला कुठं तरी मोकळा श्वास घ्यायचा आहे. हे मला आधीच कळायला हवं होतं. दुपारी दुकानात बसल्या बसल्या मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला: तंबू ठोकलेला, दोन लहान पोरं सायकलवर, आईबाप चहा पितायत. आसपास एकही गाडी नाही. तसं ठिकाण शोधतो. चोवीस, पंचवीस, सव्वीस अशी सलग सुटी आहे. तंबू मित्राकडे आहे.

४ जानेवारी, रविवार

जंगलाजवळच्या एका रिसॉर्टला जाऊन आलो. तंबू आहेत, हिरवळ आहे, गवतावर सायकलही चालेल. तिथला हिरालाल नावाचा मॅनेजर मोठ्या उत्साहाने दाखवत होता. "सर, आपल्याकडे सगळ्यात मोठी सोय काय आहे, तर गाडी एकदम तंबूच्या दारापाशी लागते!"

मी विचारलं, गाडी आत येणार नाही अशी एखादी बाजू आहे का. तो माझ्याकडे बघत राहिला. मग माझ्या गाडीकडे पाहिलं. "गाडी जुनी आहे म्हणून संकोच करू नका सर. सगळ्या प्रकारचे लोक येतात."

जुन्या गाड्या विकणारा माणूस गाडी नसलेली जागा शोधतोय, हे त्याला सांगून समजलं नसतं.

७ जानेवारी, बुधवार

वनखात्यात असलेल्या एका ओळखीच्याला फोन केला. जंगलाच्या आतला रस्ता सायंकाळी गाड्यांना बंद असतो, असं ऐकलं होतं. तो म्हणाला, बंद असतो, पण तो वाघासाठी असतो. हे ठिकाण यादीतून काढलं.

११ जानेवारी, रविवार

कालव्याच्या कडेचा रस्ता चांगला सपाट आहे. सकाळी जाऊन एका दगडावर बसलो आणि येणारी-जाणारी वाहनं वहीत लिहू लागलो. तासाभरात धान घेऊन खरेदी केंद्राकडे जाणारे चौदा ट्रॅक्टर, एकवीस मोटारसायकली, एक पाण्याचा टँकर. लिहिता लिहिता बाजूला चार माणसं येऊन उभी राहिली.

"सर्वे करून राहिले का साहेब? डांबर पडते का आता?"

नाही म्हटलं तर पटेना. एका म्हाताऱ्याने त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी कसं पोचत नाही ते अर्धा तास समजावलं, मी तेही लिहून घेतलं. न लिहिता उठून आलो असतो तर बरं दिसलं नसतं.

घरी आलो तर दोन्ही पोरं दुकानासमोर, विकायच्या गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत खेळत होती. फाटकाला कुलूप होतं, पण म्हणून काय झालं? शुभांगी पायरीवर बसून वाटाणे सोलत होती आणि गाणं गुणगुणत होती. दोघांना उचलून आत आणलं. दोघंही रडली. शुभांगी वाटाण्याची परात तशीच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. किती घाबरली आहे ती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. शुभांगी चैतालीला घेऊन वाणाला पाच घरी गेली. तेवढ्या वेळात मी चार वेळा फोन केला. तिनं एकदाच उचलला. "आमी मरून नाही राहिलो, तिळगूळ घेऊन राहिलो," म्हणाली आणि ठेवला.

झोप लागत नाही. टायरचा आवाज झाला की उठून बसतो, आणि हायवेवर टायरचा आवाज नाही असा क्षण कुठून आणायचा?

१८ जानेवारी, रविवार

सापडली! आणि शोधत कुठे होतो, तर सगळीकडे, फक्त आपल्या गावात नाही.

दिघोरीला गेलो होतो. बाबा, म्हणजे सोमाजी, आणि आई तिथंच राहतात. तलावाखाली आमची धानाची शेती आहे. घरासमोर सिमेंटचा रस्ता झाल्यापासून ट्रॅक्टर सुसाट जातात, म्हणून अंगण बाद. पण तलावाची पाळ! उंच, लांब, वरून चांगली दाबलेली, दोन माणसं शेजारी-शेजारी चालतील एवढी रुंद. एका टोकाला दगडी पायऱ्या, दुसऱ्या टोकाला रोवलेले दोन मोठे दगड. गाडी, ट्रॅक्टर, काही काही चढू शकत नाही. मधल्या आंब्याखाली तंबूपुरती जागा आहे. एक तास बसलो. दोन बकऱ्या आणि एक सारस, एवढीच रहदारी.

तिथूनच शुभांगीला फोन केला.

"पाळीवर? तलावाच्या?" ती म्हणाली.

"हो. दोन्ही बाजूंनी उतार आहे, गाडी येऊच शकत नाही."

"अन पाणी?"

"यंदा पाणी भरपूर आहे. फार छान दिसतं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. पाळीवर नेटवर्क कमीच आहे.

आईबाबांना तंबूचं सांगितलं नाही, नुसतं म्हणालो की शनिवारी सगळे तीन दिवसांसाठी येतोय. त्यांना एकदम दाखवू. आई खुश झाली, म्हणाली, वडे करते.

२१ जानेवारी, बुधवार

सायकली माळ्यावरून काढल्या. चैताली म्हणाली, दुरुस्ती तर काहीच दिसत नाही. दोरही आणला, वीस हात, मऊ. अंदाजाने आणला. लागेलच असं नाही.

फॉर्म फ्रिजवर आहे. शुभांगी त्याबद्दल बोलत नाही. तिनं एक बॅग भरायला काढली आहे. तीन दिवसांसाठी जरा मोठी वाटते.

२४ जानेवारी, शनिवार

नीट क्रमाने लिहितो, कारण दुपारपर्यंत मला स्वतःलाच काही कळत नव्हतं.

सकाळी नऊला दिघोरीत पोचलो. गाडी गावाबाहेर वडाखाली लावली आणि सामान डोक्यावर-खांद्यावर घेऊन थेट पाळीवर गेलो. घरावरूनच वाट जाते. आई दारात नव्हती, म्हटलं बरं झालं, तंबू उभा करून मगच बोलावू. तंबू ठोकला. तीन दगड मांडून चहासाठी चूल पेटवली. सायकली खाली ठेवल्या. आणि त्याच वेळी मी पहिल्यांदा दोन्ही बाजूंना नीट पाहिलं.

एका बाजूला पाणी, पाळीला लागून पुरुषभर खोल. दुसऱ्या बाजूला बांध्यांपर्यंत सरळ उतार. तीन रविवार मी गाड्या मोजल्या. पाणी मोजलंच नव्हतं. शुभांगीनं फोनवर विचारलं होतं आणि मी तिला सांगितलं, छान दिसतं. लिहितानाही लाज वाटते.

मी काय केलं? दोर काढला. एक टोक चैतालीच्या कमरेला, एक निमिषच्या, मध्ये मी. सायकल चार हात जायची आणि दोर ताणला जायचा. निमिष आडवा पडला आणि दोराने चैतालीलाही पाडलं. ती उठली आणि म्हणाली, "बाबा, मी बकरी हाओ का?"

शुभांगी आंब्याखाली बसली होती. हसली नाही.

तेवढ्यात पायऱ्यांवरून गोपीचंदकाका वर आले, बाबांचे जुने सोबती, मागे आणखी दोघं. धोतराचा सोगा सावरत चुलीजवळ बसले. चूल बघितली, तंबू बघितला, खाकरले.

"मंगेश, बापाशी काय बिनसलं असन ते मले सांग. वाटणी पाहिजे असन तं चार लोकांत बसून घेता येते. पण असा घरापुढून निघून पाळीवर चूल मांडाची, हे बरं नाही."

मला हसू आलं, पण ते माझ्याकडे इतक्या गंभीरपणे बघत होते की हसू तिथंच राहिलं. आमच्या गावात पोराने वेगळी चूल पेटवली म्हणजे तो बापापासून वेगळा निघाला, याला दुसरा अर्थ नाही. हे मी लहानपणापासून जाणतो. गोमाजीच्या पोराने गोठ्यात चूल मांडली तेव्हा आख्खं गाव जमलं होतं, मीही बघायला गेलो होतो. आणि मी स्वतः घराकडे पाठ फिरवून गेलो, सगळ्या गावाला दिसेल अशा उंचीवर धूर केला.

धावत घरी गेलो. आई वड्यांच्या पिठाशेजारी बसून डोळे पुसत होती. बाबा खाटेवर, न जेवता.

"आम्ही फिरायला आलोय बाबा, तंबूत राहायला. शहरात लोक हौसेनं करतात."

"घर असताना कापडात झोपाची हौस?" बाबा म्हणाले. "मी काय केलं तुले?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पांढरी गाडी, चार बोटं, फॉर्म, तुमसर. डिसेंबरपासून हे कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणालो, शुभांगी घाबरली आहे, तिच्यासाठी गाडी येणार नाही अशी जागा पाहिजे होती.

बाबा उठले आणि माझ्याबरोबर पाळीवर आले. पोरांच्या कमरेचा दोर त्यांनी बघितला. वाकून आधी निमिषची, मग चैतालीची गाठ सोडली.

"गाडी येत नाही इथं, खरं आहे," ते म्हणाले. "पण दावं जनावराले लावतात. जिथं लेकराले दावं लावा लागते, ते ठिकाण लेकराचं नाही."

मग पाळीच्या खाली बघत उभे राहिले. कापणी झालेल्या बांध्या, मध्ये नुसते धुरे, म्हणजे मातीचे बांध, एवढे अरुंद की सायकलही हातात धरून न्यावी लागते. बाबांनी गोपीचंदकाकांना विचारलं, "मोठ्या बांधीत ओल असन का अजून?"

"असन ना. खळा करतोस का?"

"करतो."

आमच्याकडे खळा होऊन सात-आठ वर्षं झाली. आता धान थ्रेशरमधून निघतं, खळ्याचं काम उरलं नाही. पण दुपारी दोन म्हातारी माणसं बांधीत उतरली आणि धानाची खुंटं खणू लागली. मी मदतीला गेलो तर बाबा म्हणाले, फावडं असं धरतात का, आणि मला पाणी आणायला लावलं. माती सारखी करून पाणी शिंपडलं आणि लाकडी धुम्मसाने ठोकली, आतून बाहेर, गोल गोल. शेजारच्या पंचफुलाकाकूंनी शेणाच्या चार पाट्या आणल्या आणि आईनं पदर खोचून सारवायला घेतलं. शुभांगीही बसली सारवायला. मी तिला इतक्या मोठ्याने हसताना बऱ्याच दिवसांनी ऐकलं. कशावर हसल्या ते कळलं नाही. मी जवळ गेलो की गप्प होत होत्या.

तंबू खळ्याच्या कडेला हलवला. बाबांची एकच अट: कापडात झोपा, पण चूल पेटवायची नाही. जेवण घरून येईल. आईनं वड्यांची टोपली डोक्यावर घेऊन धुऱ्यावरून आणली, सगळ्या गावाला दिसेल अशी, सावकाश.

२५ जानेवारी, रविवार

दिवसभर ऊन चांगलं पडलं. चारपर्यंत खळा वाळून घट्ट झाला. मोठ्या अंगणाएवढा गोल, मधे खड्डा नाही, खडा नाही. चारी बाजूंना बांध्या. पाणी पाळीच्या पलीकडे. मी तरीही एक चक्कर मारली आणि सगळं पुन्हा तपासलं. खोट काढण्यासारखं काही सापडलं नाही, याचा मला जवळजवळ राग आला.

चैताली आधी निघाली. दोन फेऱ्यांनंतर तिला कुणाची गरज नव्हती. मग निमिष. त्याची सायकल म्हणजे बसायचं आणि पायाने जमीन मागे ढकलायची. मी सीट धरून त्याच्यामागे वाकून धावत होतो. एक फेरी, दुसरी, तिसरी. बाबा कडेला उकिडवे बसले होते. म्हणाले, "मंगेश, सायकल तू चालवून राहिला का तो?"

शुभांगीनं मला बोलावलं. "या. बसा इथं."

मी सीट सोडली आणि जाऊन तिच्याशेजारी गवतावर बसलो. निमिष एकटा निघाला. खळ्याच्या पार त्या टोकाला गेला, आमच्यापासून सगळ्यात दूर, आणि वळला. डोळे मिटावेसे वाटत होते. मी मनात म्हणत होतो, शुभांगीला किती भीती वाटत असेल.

"अहो," ती हळूच म्हणाली. "माझा हात सोडा. दुखून राहिला."

मी खाली पाहिलं. तिचं मनगट माझ्या मुठीत होतं. केव्हा धरलं ते आठवत नाही. बोटं एक एक करून सोडवावी लागली. कातडीवर चारही बोटांचे पांढरे वळ उमटले होते, ते सावकाश लाल झाले.

"मी त्या दिवशी रात्रीच झोपली होती," ती म्हणाली. "लेकरू वाचलं म्हणून झोपली. तुमी झोपले नाही तेव्हापासून. मले वाटलं आज झोपन, उद्या झोपन."

"तू मला काही बोलली का नाहीस? त्या दिवशी?"

"काय बोलाचं होतं? तुमचा चेहरा पाहिला मी. त्याच्यावर आणखी बोलणं कायले?"

तीन आठवडे मी तिच्या भीतीसाठी जागा शोधत फिरलो. ती भीती तिच्याजवळ नव्हतीच. हे मला स्वतःला कळलं असं म्हणता येणार नाही. तिच्या मनगटावर दिसलं तेव्हा कळलं. मी रडलो. बाबांनी तोंड फिरवून गोपीचंदकाकांना यंदाच्या उन्हाळी धानाबद्दल काहीतरी विचारलं.

"तुमसरला जाणार का?" मी विचारलं.

"हे तुमच्यावर आहे," ती म्हणाली. मनगट चोळत होती.

तेवढ्यात निमिष पडला. खळ्याच्या त्या टोकाला, कुशीवर, सायकल अंगावर. ओरडला. मी अर्धा उठलो. शुभांगीनं मला धरलं नाही. हात कुठं ठेवायचे ते कळेना, म्हणून दोन्ही पंजे मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसलो.

निमिषनं मान वळवून मला शोधलं. मी दिसलो. मी येत नाही, हेही त्याला दिसलं. तो थोडा वेळ आणखी रडला, पण मनापासून नाही. मग उठला, गुडघ्याचं शेण पुसलं, सायकल उभी केली, आणि माझ्याकडे पाठ करून निघून गेला.